आभार नेमके कुणाचे?

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार जवळ आला की व्हाइटफील्डची लय बदलते. इथल्या निम्म्याअधिक नोकऱ्यांचा क्लायंट अमेरिकेत, आणि तो त्या दिवशी सुट्टीवर असतो. रात्रीचे कॉल रद्द होतात. एरवी नऊ-दहाशिवाय घरी न दिसणारी माणसं सात वाजता सोसायटीच्या बागेत फिरताना भेटतात. मॉलमध्ये ब्लॅक फ्रायडेच्या पाट्या लागतात, फोनवर सेलचे मेसेज येतात, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी विचारतं, ‘थँक्सगिव्हिंगला पॉटलक करायचं का?’

मी नगरचा. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण जिभेवर अजून नगरच आहे. आमचं घर मराठी ख्रिस्ती. सध्या पोस्टिंग बेंगळुरूत आहे आणि धाकटी बहीण व्हाइटफील्डला राहते. तिच्या घरी हे जेवण गेली काही वर्षं होतं. भाऊजींना सुट्टी, मुलांना हौस, आणि मला रजा न टाकता सगळ्यांना भेटायची संधी. त्यावरून आमच्याकडे दरवर्षी एक छोटी लढाई होते. मामांचं म्हणणं, ‘हे अमेरिकन खूळ आपल्याला कशाला? आपला नाताळ काय कमी आहे?’ भाच्याचं म्हणणं, ‘मामाआजोबा, सगळे करतात.’ दोघांचीही बाजू मला अपुरी वाटते. एक जण सण परका म्हणून नको म्हणतो, दुसरा सगळ्यांचा म्हणून हवा म्हणतो. सण कशाचा आहे, हे दोघेही विचारत नाहीत.

माझं मत सरळ आहे. तारीख अमेरिकेची असो, जेवण बिर्याणीचं असो, सुट्टी क्लायंटच्या कृपेची असो, काही बिघडत नाही. पण ज्या दिवसाचं नावच आभार आहे, त्या दिवशी आभार कुणाचे, हे त्या टेबलावर स्पष्ट असलं पाहिजे. आणि आभार मानणाऱ्याच्या ताटातला वाटा कुणाला गेला, हेही दिसलं पाहिजे. ख्रिस्ती घरात या दोन गोष्टी नसतील तर ते चांगलं जेवण आहे, एवढंच. चांगल्या जेवणाला माझा विरोध नाही. फक्त त्याला उपकारस्तुती म्हणू नये.

हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. मराठी घरात आपल्या माणसांचे आभार मानायची रीत नाही. आईनं पोळी वाढली आणि मुलगा ‘थँक्यू’ म्हणाला, तर ती विचारते, ‘परका झालास का रे?’ ‘उपकार’ हा शब्दही आपल्याकडे जड. ‘फार उपकार केलेस माझ्यावर’ हा टोमणा असतो. उपकाराचं ओझं असतं, उपकार फेडायचे असतात, आणि फेडता आले नाहीत तर मान खाली घालायची असते. अशा या जड शब्दाला मराठी पवित्र शास्त्रानं ‘स्तुती’ जोडली आणि त्यातून ‘उपकारस्तुती’ झालं. हे उपकार फेडता येणारच नाहीत, हे आधी मान्य करायचं. मग फेडायची धडपड सोडून त्याबद्दल गायचं. ओझ्याचं गाणं होतं ते असं.

आपल्या मंडळ्यांमध्ये हे गाणं मराठी चालीवर आलं, याचं मोठं श्रेय रेव्हरंड नारायण वामन टिळकांना. ते १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. नगरला राहून त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन ही आपली जुनी रूपं ख्रिस्ती उपासनेत आणली. त्यांची कितीतरी गीतं आजही ‘उपासना संगीत’मधून म्हटली जातात. पेटी, तबला आणि टाळ घेऊन देवाचे उपकार गाणारी मंडळी ज्यांनी लहानपणी पाहिली आहेत, त्यांना कृतज्ञता अमेरिकेहून मागवायची गरज नाही. युखारिस्त, म्हणजे प्रभुभोजन, हा शब्दही मूळ ग्रीक भाषेत आभार मानणं या अर्थाचा आहे. चर्चचं सगळ्यांत जुनं जेवण हेच मुळात आभाराचं जेवण आहे.

पिकाबद्दल देवाचे आभार मानायचे सणही आपल्याकडे भरपूर आहेत. मुंबई-वसईचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरमध्ये आगेरा साजरा करतात. शेतातली भाताची कणसं वाजतगाजत चर्चमध्ये आणतात, ती आशीर्वादित होतात आणि घरोघरी जातात. मुंबईत आता शेतं उरली नाहीत, तरी आगेरा उरला आहे. मंगळुरूच्या कोकणी ख्रिस्ती लोकांचा मोंती फेस्त ८ सप्टेंबरला असतो. व्हाइटफील्डमध्ये मंगळुरूची कुटुंबं पुष्कळ, त्यामुळे तो इथेही दिसतो. त्या दिवशी नव्या भाताचे आशीर्वादित दाणे कुटकुटीत दळून दुधात किंवा नारळाच्या रसात घालतात आणि घरातले सगळे एकत्र बसून थोडे थोडे घेतात. जेवण शाकाहारी, तेही केळीच्या पानावर. घरातलं कुणी परगावी असेल तर पूर्वी ते दाणे पाकिटात घालून टपालानं पाठवायचे. सीमेवर असलेल्या माणसाला हे लगेच कळतं. गैरहजर माणसाचाही वाटा असतो. तो काढल्याशिवाय घर पूर्ण जेवत नाही.

बेंगळुरूच्या चर्च ऑफ साउथ इंडियाच्या मंडळ्यांमध्ये कापणीच्या सणाला उपासनेनंतर लिलाव होतो. कुणी भोपळा आणतं, कुणी कोंबडी, कुणी केक, कुणी लोणच्याची बरणी. शंभर रुपयांचा भोपळा हजाराला जातो आणि सगळे हसतात. बाजारात असा व्यवहार केला तर लोक वेड्यात काढतील. पण त्या अंगणात भाव वस्तूचा होतच नसतो. देवानं दिलेलं आपण त्यालाच परत आणून ठेवलं, आणि शेजाऱ्यानं त्यासाठी खिशात हात घातला. कुणाला काही ‘फायद्यात’ पडत नाही, आणि तरीही सगळे आनंदात घरी जातात. पलीकडच्या मॉलमधला सेल आणि चर्चच्या अंगणातला हा लिलाव शेजारी ठेवून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो आहे ते ध्यानात येईल.

व्हाइटफील्डला हा सण शोभतोही. काचेच्या इमारतींखाली दबलेलं हे गाव मुळात शेतीसाठी वसवलं गेलं. डेव्हिड व्हाइट यांच्या पुढाकारानं अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसाहत काढायचं ठरलं. १८८२ मध्ये म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडियार यांनी त्यासाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. इनर सर्कलची गोल आखणी आणि तिथलं जुनं चर्च त्याच काळाची आठवण आहे. म्हणजे एका हिंदू राजानं दिलेल्या जमिनीवर ख्रिस्ती शेतकऱ्यांनी पहिली कापणी केली. गावाचं नाव रोज घेताना यातला उपकार कुणाला आठवतो?

आता अमेरिकेच्या सणाकडेही न्यायानं पाहू. मामा त्याला खूळ म्हणतात, पण त्याचा इतिहास खूळ नाही. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून शंभराच्या वर माणसं प्लिमथला उतरली. पहिल्या हिवाळ्यात त्यांतली जवळजवळ निम्मी मेली. १६२१ च्या शरद ऋतूत जी मेजवानी झाली, ती या उरलेल्यांची होती. तिथल्या मूळ वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसं घेऊन आला आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली. मका कसा पेरायचा हेही मूळ रहिवाशानंच शिकवलं होतं. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत त्याच दोन समाजांत भीषण युद्ध झालं आणि यजमानांचीच जमीन गेली. म्हणून १९७० पासून प्लिमथला काही मूळ अमेरिकन लोक त्याच गुरुवारी शोकदिन पाळतात. हे विसरून आभार मानले तर ते खोटे पडतात.

राष्ट्रीय सण म्हणून तो रुजला तो लिंकनच्या ३ ऑक्टोबर १८६३ च्या घोषणेनं. तारीख लक्षात घ्या. गेटिसबर्गची लढाई होऊन तीन महिने झाले होते. त्या तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे पन्नास हजार माणसं गेली होती. यादवी संपायला अजून दीड वर्ष होतं. अशा वेळी लिंकननं देशाला आभार मानायला सांगितलं, आणि त्याच घोषणेत आपल्या पापांचा पश्चात्ताप करायला आणि युद्धातल्या विधवा, अनाथ व शोकाकुलांना देवाच्या हाती सोपवायलाही सांगितलं. त्या घोषणेत जल्लोष नाही. युद्ध चालू असताना एका देशानं गुडघे टेकावेत, असं ते आवाहन आहे.

पुढं १९३९ मध्ये रूझवेल्टनं हा दिवस एक आठवडा अलीकडे ओढला. कारण होतं दुकानदारी. त्या वर्षी शेवटचा गुरुवार ३० तारखेला येत होता, आणि नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतील अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती. काही राज्यांनी नवी तारीख मानली, काहींनी नाही. शेवटी १९४१ मध्ये कायद्यानं चौथा गुरुवार ठरला. म्हणजे व्हाइटफील्डच्या मॉलनं या सणाला बिघडवलं असं म्हणायला नको. सेलनं आभाराला धक्का मारायची सवय ऐंशीहून अधिक वर्षं जुनी आहे. आपण फक्त ठरवायचं की या सणाचा वारसा घ्यायचा तर १८६३ चा घ्यायचा की १९३९ चा.

इथवर मामा आणि भाचा दोघंही माझ्याशी सहमत होतील. खरा प्रश्न पुढे आहे, आणि तो आम्हा फौजी लोकांच्या अंगाशी येतो.

व्हाइटफील्डजवळ कन्नमंगला इथं सैनिकांसाठी बांधलेली संदीप विहार नावाची वसाहत आहे. हे नाव मेजर संदीप उन्नीकृष्णन यांचं. बेंगळुरूत वाढलेला, खडकवासल्याच्या एनडीएतून बाहेर पडलेला, बिहार रेजिमेंटचा हा अधिकारी एनएसजीत होता. २८ नोव्हेंबर २००८ च्या पहाटे मुंबईच्या ताजमध्ये अतिरेक्यांशी लढताना त्यांना वीरमरण आलं. वय ३१. पुढं अशोकचक्र मिळालं. २००८ मध्ये नोव्हेंबरचा चौथा गुरुवार २७ तारखेला होता. अमेरिकेत लोक टेबलाशी बसून आभार मानत होते, त्याच तासांत ताजच्या जिन्यांवर लढाई चालू होती. मी त्यांना ओळखत नव्हतो. पण एनडीएत हट ऑफ रिमेम्ब्रन्ससमोर ज्यानं कधी सॅल्यूट केला आहे, त्याला अशा नावाच्या फाटकातून सहज आत-बाहेर करता येत नाही. ज्या घरात आपण ‘देवा, आम्हाला सुखरूप ठेवलंस’ म्हणतो, त्या घराच्या फाटकावर सुखरूप न परतलेल्याचं नाव आहे.

आमच्या युनिटमधल्या एका सहकाऱ्याच्या पत्नी बेंगळुरूतच राहतात. ते गेल्याला बरीच वर्षं झाली. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या घरी आम्ही सगळे जेवायला होतो. यजमानांचा मुलगा, तोही फौजेत, एका अवघड जागेहून नुकताच परतला होता. प्रार्थनेत त्याचे वडील म्हणाले, ‘प्रभू, तू आमच्या लेकराला राखलंस.’ सगळे ‘आमेन’ म्हणाले. वहिनीही म्हणाल्या. जेवणानंतर गाडीपर्यंत सोडायला गेलो तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘भाऊजी, देवानं त्यांच्या मुलाला राखलं, हे मला मान्य आहे. पण मग त्या दिवशी आमच्याकडे यायला तो विसरला होता का?’

त्यांना एका वाक्याचं उत्तर नको होतं, आणि तसं उत्तर असतं तर मीच त्यावर विश्वास ठेवला नसता. पण तेव्हापासून आभार कसे मानायचे हा प्रश्न माझ्यासाठी शिष्टाचाराचा राहिला नाही. त्या बापाचा आनंद खरा होता, तो त्यानं दाबून ठेवावा असं कुणीच म्हणणार नाही. अडचण त्या वाक्याच्या पोटातल्या हिशेबात आहे. आम्ही वाचलो, म्हणजे देव आमच्या बाजूनं. मग जे गेले त्यांच्या बाजूनं कोण होतं?

येशूनं या हिशेबाची बाजू कधी घेतली नाही. लूकच्या शुभवर्तमानात एक परुशी आणि एक जकातदार मंदिरात प्रार्थनेला जातात. परुशाची प्रार्थना आभारानंच सुरू होते. मी इतरांसारखा नाही, याबद्दल तो देवाचे आभार मानतो. आणि नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. स्वतःला दुसऱ्याच्या शेजारी ठेवून मानलेले आभार देवापर्यंत पोचत नाहीत, असं ही गोष्ट सांगते. ‘आपण किती नशीबवान, त्या बिचाऱ्यांकडे बघ’ असं आपण मुलांना शिकवतो ना, ती याच परुशाची शिकवण. गरिबाला, आजाऱ्याला, विधवेला आपल्या आनंदाचं माप बनवायचं, आणि वर त्याला कृतज्ञता म्हणायचं!

मग ख्रिस्ती कृतज्ञता उभी कशावर राहते? ज्या रात्री येशूला धरून देण्यात आलं, त्या रात्री त्यानं भाकर घेतली, आभार मानले आणि ती मोडली. पुढं काय होणार हे त्याला ठाऊक होतं. सुटका होणार म्हणून ते आभार नव्हते. पौल आणि सीला तुरुंगात, पाय खोड्यात अडकलेले असताना, मध्यरात्री गात होते. हबक्कूक संदेष्टा तर यादीच देतो: अंजीर फुललं नाही, वेलीला फळ नाही, शेतानं अन्न दिलं नाही, गोठ्यात गुरं नाहीत. आणि तरीही तो देवाच्या ठायी आनंद करतो. ही माणसं परिस्थितीबद्दल देवाचे आभार मानत नव्हती. त्या परिस्थितीतही देव त्यांना सोडून गेला नव्हता, यासाठी मानत होती. हा फरक बारीक वाटतो, पण वहिनींच्या घरी टिकेल असे आभार फक्त हेच.

आणि ते टिकले. वहिनी आता नवऱ्याच्या वाढदिवसाला दोन्ही मुलींना घेऊन बसतात, त्याच्या आवडीचं मटण करतात, आणि प्रार्थनेत अकरा वर्षांच्या संसाराबद्दल देवाचे आभार मानतात. ‘जी वर्षं मिळाली नाहीत त्यांचा जाब मी देवाला विचारणारच आहे,’ त्या म्हणतात, ‘पण जी अकरा मिळाली ती काही माझ्या हक्काची नव्हती.’ कृतज्ञतेवर ऐकलेल्या प्रवचनांत एवढं स्वच्छ वाक्य मला सापडलेलं नाही. जाब आणि आभार एकाच तोंडातून निघू शकतात, आणि देवाला दोन्ही ऐकू येतात.

एक आक्षेप मी नेहमी ऐकतो. सोसायटीतल्या जेवणाला सगळ्या धर्मांची माणसं असतात, घरातही आता जावई-सुना वेगवेगळ्या घरांतून येतात. मग प्रभूचं नाव कशाला? सगळ्यांना चालेल असं ‘आयुष्यात जे मिळालं त्याबद्दल आभार’ एवढं म्हणावं. यावर माझा अनुभव फौजेचा आहे. आमच्याकडे मंदिर परेडला सीओ साहेब कोणत्याही धर्माचे असोत, जवानांचा धर्म तो त्यांचा धर्म. मी ख्रिस्ती असून कितीतरी आरत्यांना उभा राहिलो आहे, गुरुद्वाऱ्यात लंगर वाढला आहे. माझ्या नाताळच्या प्रार्थनेला माझे सुभेदार साहेब, पक्के वारकरी, टोपी काढून पहिल्या रांगेत उभे राहिले. कुणाला अवघडल्यासारखं झालं नाही, कारण कुणी आपला देव पातळ करून वाढला नव्हता. ज्याच्या घरी जातो त्याच्या देवाला नमस्कार करायला आपल्या माणसाला अडचण नसते. ज्या घरात देवाचं नाव घ्यायलाच यजमान लाजतो, तिथं पाहुणा अवघडतो. प्रार्थना लहान असावी, घरच्या भाषेत असावी, आणि तिच्यात पाहुण्याला शिकवणी नसावी. एवढं पाळलं की पुरे. शेवटी आभार हा दोन जणांमधला व्यवहार आहे. ‘आभार’ म्हटलं आणि समोर कुणीच नाही, तर ते आभार कुणाला जाऊन लागणार?

मग करायचं काय? अनुवादाच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली अर्पण करायची रीत दिली आहे. ती मला कुठल्याही फौजी एसओपीइतकी नेटकी वाटते. टोपली आणणाऱ्यानं आधी आपला इतिहास सांगायचा: माझा पूर्वज भटका होता, परक्या देशात गेला, तिथं गुलामी आली, देवानं सोडवलं, ही जमीन दिली, आणि हे तिचं पीक. मग लेवी आणि आपल्यात राहणारा परका यांना घेऊन आनंद करायचा. त्याच अध्यायात पुढे दशमांशाचा वाटा परक्याला, अनाथाला आणि विधवेला पोटभर मिळावा असं सांगितलं आहे. इतिहास, अर्पण, वाटा, आणि एकत्र जेवण.

बहिणीच्या घरी आम्ही हेच चार टप्पे धरले आहेत. जेवणाआधी घरातलं सगळ्यांत वयस्क माणूस घराची एक गोष्ट सांगतं. गेल्या वेळी आईनं सांगितलं की दुष्काळात तिच्या आजीला मिशनच्या शाळेत दोन वेळचं जेवण मिळालं, म्हणून आज आपण सगळे या टेबलाशी आहोत. पोरं फोन खाली ठेवून ऐकत होती. मग प्रत्येकानं एका उपकाराचं नाव घ्यायचं, आणि तो नेमका हवा. ‘फॅमिली अँड फ्रेंड्स’ चालत नाही. भाच्यानं सोसायटीच्या रात्रपाळीच्या वॉचमन काकांचं नाव घेतलं, कारण परीक्षेच्या दिवशी त्याची राहिलेली बॅग त्यांनी रिक्षामागे धावत जाऊन दिली होती. त्यानंतर जे आज टेबलाशी नाहीत त्यांची नावं घ्यायची. गेलेल्यांची, आणि ड्युटीवर असलेल्यांची.

वाटा जेवणाआधी बाहेर जातो, उरल्यावर नाही. पलटणीत बडाखान्याला अधिकारी जवानांना वाढतात, तसं त्या दिवशी बहिणीकडे स्वयंपाकाला येणाऱ्या अक्का आधी टेबलाशी बसतात आणि भाऊजी वाढतात. पहिल्या वर्षी त्या संकोचल्या. आता येताना आपल्या गावाकडची जोळदरोट्टी आणि शेंगाचटणी घेऊन येतात, आणि ती सगळ्यांत आधी संपते. सेलमध्ये जेवढा खर्च होईल तेवढीच रक्कम बाजूला काढायची, असाही नियम केला आहे. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वज दिन. १९४९ पासून तो पाळला जातो, आणि त्या निधीतून वीरनारी, अपंग सैनिक आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांना मदत होते. तो या गुरुवारानंतर साधारण दोन आठवड्यांच्या आत येतो. आमचा वाटा तिकडे जातो. तुमच्या जिल्ह्याचं सैनिक कल्याण कार्यालय तुम्हालाही माहीत असेल.

या नियमाचा एक परिणाम भाच्यानंच दाखवून दिला. मागच्या वर्षी बूट घेताना तो म्हणाला, ‘मामा, हे चार हजारांचे घेतले तर आठ हजार जातील ना?’ त्यानं बूट घेतले. पण आधी विचार केला, आणि मला तेवढं पुरे आहे.

मामांचं समाधान अजून झालेलं नाही. ते म्हणतात, हे सगळं नाताळलाही करता येईल. अगदी येईल, केलंच पाहिजे. करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे शेजारी जायच्या आधी एक डबा कुठल्या वीरनारीकडे गेला, तर त्या डब्याला नाताळचा खरा वास येईल. आगेऱ्याला करा, मोंती फेस्तला करा, मुलाच्या बाप्तिस्म्याला करा. माझ्या हिंदू मित्रांनो, तुमच्याकडे बैलाचे उपकार मानणारा पोळा आहे, कोकणात नवान्न पौर्णिमा आहे. तिथंही वाटा काढायची रीत तुमच्या आज्यांना नक्की ठाऊक असेल. विचारून बघा.

सुट्टी कॅलेंडर देतं. तिच्यात देव कुठे बसणार आणि परका कुठे बसणार, हे घरानं ठरवायचं असतं. यंदाच्या जेवणाला वहिनी आणि त्यांच्या मुली बहिणीकडे येणार आहेत. प्रार्थना कुणी करायची, हे आम्ही त्यांच्यावर सोपवलं आहे.

जय हिंद.